मुंबईतील ‘चांगला एरिया’ आणि ‘बदनाम एरिया’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लालबागच्या चाळीत वाढले आणि गेली काही वर्षे गावाहून नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या मुलामुलींना भाड्याचे घर शोधायला मदत करते. या कामात भाडे, अनामत आणि पाणी यांच्याही आधी एकच प्रश्न येतो: ‘एरिया कसा आहे?’ तोच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत असल्याने त्याची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ज्यांना फक्त घर पाहण्यापुरते हवे आहे त्यांनी थेट प्रश्न ८, ९ आणि १३ वाचावेत.

१. ‘एरिया खराब आहे’ म्हणतात तेव्हा लोकांना नेमके काय म्हणायचे असते?

बहुधा चार वेगळ्या गोष्टी या एका शब्दात कोंबलेल्या असतात: तिथे चोऱ्यामाऱ्या होतात, तिथे पूर्वी टोळ्या होत्या, तिथे गरीब लोक राहतात, किंवा तिथे आपल्या जातीधर्माचे लोक राहत नाहीत. यांपैकी पहिलीच गोष्ट राहायला जाणाऱ्याच्या थेट कामाची आहे, दुसरी बहुतेक वेळा शिळी झालेली असते, आणि तिसरी व चौथी बोलणारा कधीच उघडपणे बोलत नाही. म्हणून कोणी ‘तिकडे नको’ म्हटले की मी विचारते, ‘कोणती गल्ली, किती वाजता, आणि तुम्ही तिकडे शेवटचे कधी गेला होतात?’ तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण विषय बदलतात.

२. हे शिक्के मुंबईत केव्हापासून बसू लागले?

भाईगिरीच्या फार आधीपासून. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि दाटीवाटीच्या वस्त्या म्हणजे रोगाचे घर हे समीकरण सरकारदरबारी पक्के झाले. त्यातून १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. जुन्या वस्त्या फोडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढण्यात आले आणि उत्तरेला दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहती वसवण्यात आल्या. हिंदू कॉलनी किंवा पारशी कॉलनी ‘शांत आणि सुसंस्कृत’ मानली जाते, त्याचे श्रेय तेथील रहिवासी आपल्या संस्कारांना देतात. मला वाटते, त्यातला निम्मा वाटा तरी शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशाला, रुंद पदपथांना आणि मोठ्या झाडांना द्यायला हवा. उलट डोंगरीच्या नावामागे तुरुंग पहिल्यापासूनच होता, मात्र १८८२ मध्ये त्याच तुरुंगात टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवस काढले होते. म्हणजे ‘डोंगरीत जाऊन आला’ हे वाक्य एके काळी अभिमानाचेही होते.

३. लालबाग-परळ एके काळी राड्याचा भाग समजला जायचा, हे खरे का? मग आता तिथे एवढे मॉल कसे?

दोन्ही खरे आहे, आणि दोन्हींच्या मुळाशी गिरण्याच आहेत. तीन पाळ्यांत चालणाऱ्या गिरण्यांमुळे गिरणगावाला रात्रच नव्हती. मध्यरात्री पाळी सुटली की खानावळी उघड्या असत, रस्त्यावर माणसांचा पूर असे आणि त्या गर्दीत एकट्या बाईला भीती वाटण्याचे कारण नसे. माझी आजी हे सांगताना नेहमी म्हणायची, ‘भोंगा होता तोवर घड्याळही नको होतं आणि कुलूपही.’

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. ज्या घरात बापाचा पगार थांबला त्या घरातल्या विशीतल्या मुलाला नाक्यावर उभे राहण्याखेरीज काम उरले नाही, आणि नाक्यावर माणसे गोळा करणाऱ्यांना तेच हवे होते. गिरणगावाचे नाव बिघडले ते या वर्षांत. त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींवर मॉल, कार्यालये आणि मनोरे आले आणि ज्या लोअर परळला उतरताना लोक पाकीट सांभाळत तिथे पार्किंगसाठी रांग लागू लागली. रहिवासी सुधारले म्हणून हे घडले असे मानणे चूक ठरेल, कारण त्यांतले कितीतरी तोवर बदलापूर आणि विरारला गेले होते.

४. टोळ्यांमुळेच विभाग बदनाम झाले ना?

टोळ्यांमुळे झाले, परंतु सगळे सारखे झाले नाहीत, आणि खरी मेख इथेच आहे. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातील स्वाती इमारतीला पोलिसांनी वेढा घातला आणि भरवस्तीत झालेल्या गोळीबारात माया डोळस याच्यासह सात जण मारले गेले. मुंबईच्या टोळीयुद्धातील एवढी गाजलेली घटना ज्या संकुलात घडली, त्या संकुलात घर मिळाले तर आजही लोक पेढे वाटतात. छोटा राजन चेंबूरच्या टिळकनगरचा. तिथल्या सहकार सिनेमाबाहेर तो तिकिटांचा काळाबाजार करत असे. तरीही टिळकनगर मध्यमवर्गीय मराठी वसाहत म्हणूनच ओळखले गेले. वरदराजन मुदलियार याचा गणपती माटुंगा स्थानकाबाहेर बसत असे, पण माटुंग्याचे नाव घेतले की लोकांना इडली आणि फुलबाजार आठवतो.

आता भायखळ्याजवळची अरुण गवळी यांची दगडी चाळ किंवा दाऊद जिथे लहानाचा मोठा झाला तो डोंगरी-पाकमोडिया स्ट्रीटचा भाग घ्या. येथे शिक्का असा बसला की शेजारच्या चार गल्ल्यांतील शिंपी, शिक्षक आणि कारकून यांनाही तो चिकटला. फरक गुन्ह्याच्या आकाराचा नसून विभागाचे दुसरे काही नाव आधीपासून आहे की नाही याचा आहे. ज्या विभागाची आधी उच्चभ्रू, सिनेमावाल्यांचा किंवा पांढरपेशांचा अशी ओळख असते, तिथला गुन्हा ‘घटना’ ठरतो. जिथे तशी ओळख नसते तिथे तोच गुन्हा ‘स्वभाव’ ठरतो.

५. १९९२-९३ च्या दंगलींनी नेमके काय बदलले?

शहराचा मनातला नकाशा बदलला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील दंगली, आणि पाठोपाठ १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट, ज्यांत २५७ माणसे मारली गेली, यानंतर मिश्र वस्तीतील अनेक कुटुंबांनी ‘आपल्या’ माणसांत घर शोधले. मुंब्रा ठाणे जिल्ह्यात असले तरी मुंबईतून बाहेर पडलेली हजारो मुस्लिम कुटुंबे तेथे गेली आणि त्याची लोकसंख्या झपाट्याने वाढली. जोगेश्वरी, बेहरामपाडा यांसारख्या भागांत एखादा रस्ता किंवा नाला ‘बॉर्डर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. हा शब्द काही रिक्षावाले अजूनही सहज वापरतात आणि नवख्या माणसाला तो ऐकून उगीचच घाम फुटतो.

मात्र याच काळातील एक उदाहरण ख्यातीवर विसंबणाऱ्याने अवश्य लक्षात ठेवावे. १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झालेली भिवंडी सर्वांत आधी पेटणार असे सगळे धरून चालले होते. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे आधीच मोहल्ला समित्या उभारल्या होत्या; दोन्ही समाजांतील सामान्य माणसे पोलिसांसोबत नियमित बसत होती. मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांचे काम सुरू झाले.

६. धारावीत राहणे धोक्याचे आहे का?

अडीच चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागेत लाखो माणसे जिथे राहतात त्या भागाला एकच विशेषण लावता येत नाही. कुंभारवाड्यातील भट्टीच्या धुराचा त्रास, तेरा कंपाउंडमधील भंगाराच्या गोदामांना आग लागण्याची भीती, पावसाळ्यात तुंबणारी गटारे हे तिथले रोजचे धोके आहेत. चाकू दाखवून लुटले जाण्याची जी भीती बाहेरच्यांना वाटते ती या यादीत बरीच खाली येते, कारण दर चार पावलांवर कोणीतरी दारात बसून काम करत असते. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत करोनाचा पहिला रुग्ण सापडला तेव्हा आता इथून शहर संपणार असे भाकीत करणारे अनेक होते. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साथ आटोक्यात आणल्याचे उदाहरण म्हणून याच धारावीचे नाव घेतले.

७. गोवंडी-मानखुर्दचे नाव एवढे खराब का आहे?

कारण शहराला जे जे नको होते ते ते शहराने तिथे नेऊन टाकले. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचे आहे. वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला हलला. १९७६ मध्ये अणुशक्तीनगरजवळची जनता कॉलनी उठवून तेथील रहिवाशांना चिता कॅम्पात नेण्यात आले. पुढे रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांत घरे गेलेल्यांच्या पुनर्वसनाच्या उंच, अंधाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या इमारती याच पट्ट्यात उभ्या राहिल्या. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात गोवंडी-मानखुर्द ज्यात येते तो महापालिकेचा एम-पूर्व विभाग सर्वांत तळाशी होता. इतक्या वेळा उठवलेली माणसे, इतक्या कमी दवाखान्यांसह आणि शाळांसह एकत्र ठेवल्यावर काही प्रश्न उभे राहणारच, आणि नशेच्या गोळ्या व खोकल्याच्या औषधाची विक्री हा तिथला प्रश्न खरा आहे. तो मी नाकारणार नाही. तो नाकारणाऱ्यांना तिथल्या आयाच गप्प बसवतात. तरीही बैंगनवाडीचा मुलगा मुलाखतीच्या अर्जावर ‘चेंबूर (पूर्व)’ लिहितो तेव्हा त्याला लाज औषधाची वाटत नसते, समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर पत्ता वाचल्यावर जे उमटते त्याची धास्ती असते. याचे पुढचे परिणाम प्रश्न १० मध्ये पाहावेत.

८. विभागवार गुन्ह्यांची आकडेवारी कुठे मिळेल? आणि ती कशी वाचावी?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल संपूर्ण मुंबई शहराचे आकडे देतो, गल्लीचे किंवा वस्तीचे नाही. पोलीस ठाण्याच्या पातळीवरचे आकडे माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून मागता येतात. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे वगळता प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) संकेतस्थळावर टाकले जातात, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ते ठाण्यानुसार पाहता येतात. दोन-तीन महिन्यांचे अहवाल चाळले तर मोबाइल चोरी, मारामारी, घरफोडी यांचे प्रमाण लक्षात येते.

वाचताना मात्र फसू नये. पहिली गोष्ट म्हणजे पोलीस ठाण्याची हद्द आणि लोकांच्या तोंडी असलेले विभागाचे नाव सहसा जुळत नाही. एकाच ठाण्यात मनोरेही येतात आणि झोपडपट्टीही. दुसरी गोष्ट, आझाद मैदानासारख्या ठाण्यात आंदोलकांवरील गुन्हे नोंदले जातात, बाजाराच्या ठाण्यात बाहेरून आलेल्या ग्राहकांच्या तक्रारी असतात आणि ऑनलाइन फसवणुकीचे गुन्हे पैसेवाल्या उपनगरांत अधिक दिसतात, कारण तिथे लुटण्यासारखे पैसे असतात. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे: जिथे पोलीस तक्रार घेतात आणि लोक द्यायला जातात तिथे आकडा वाढतो, आणि जिथे बाई ठाण्याची पायरी चढायला घाबरते तिथे कागदावर सारे आलबेल असते. आकडा अचानक शून्याजवळ दिसला की मला बरे वाटण्याऐवजी शंका येते.

९. मी एकटी राहणारी मुलगी आहे. सुरक्षित विभाग कसा ओळखू?

विभाग ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. स्थानकापासून दारापर्यंतचा रस्ता पाहावा. ऑगस्ट २०१३ मध्ये महालक्ष्मीजवळच्या शक्ती मिलमध्ये एका महिला पत्रकारावर जो सामूहिक बलात्कार झाला तो कोणत्याही ‘बदनाम वस्तीत’ झाला नाही, शहराच्या ऐन मध्यात पडून राहिलेल्या ओसाड आवारात झाला. ओसाडपणा हीच खरी खूण आहे. उंच कंपाउंड भिंती, एकही दुकान नाही, पार्क केलेल्या गाड्यांची रांग आणि केबिनमध्ये मोबाइल पाहणारा रखवालदार, असे अनेक ‘पॉश’ रस्ते रात्री दहानंतर मला लालबागच्या कुठल्याही गल्लीपेक्षा जास्त घाबरवतात. कार्यालयांच्या भागांतही रविवारी संध्याकाळी चिटपाखरू नसते. याउलट मोहम्मद अली रोडसारख्या, बाहेरचे लोक बिचकतात अशा भागात रमजानच्या रात्री दोन वाजता बायकापोरे खात फिरताना दिसतात, आणि गणपतीच्या दिवसांत लालबागला रात्रभर जाग असते. मोबाइल मात्र दोन्हीकडे आतल्या खिशात ठेवावा.

तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा १०३ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. ‘ही आमची हद्द नाही’ हे कारण चालत नाही.

१०. पत्त्यामुळे कर्ज, कार्ड किंवा नोकरी खरेच अडते का?

अडते, आणि कोणी लेखी सांगत नाही. काही वित्तसंस्था ज्याला ‘निगेटिव्ह एरिया’ म्हणतात त्या भागांतले अर्ज आधीच बाजूला पडतात. माझ्या ओळखीतील एका मुलीचा पगार, परतफेडीची नोंद, सगळे व्यवस्थित असताना एका खाजगी बँकेने तिला क्रेडिट कार्ड नाकारले. तिने काही काळ मैत्रिणीच्या दादरच्या घरी बिऱ्हाड हलवले, भाडेकरार नोंदवून पत्ता बदलला, आणि कार्ड घरपोच आले. लेखी कारण मागणे, बँकेच्या तक्रार विभागाकडे आणि तेथे दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणे हा मार्ग आहे. खोटा पत्ता लिहिणे हा मार्ग नव्हे. कागदपत्रे जुळली नाहीत तर गोष्ट फसवणुकीपर्यंत जाते.

११. पासपोर्टच्या किंवा भाडेकरूच्या पोलीस पडताळणीत विभागाचे नाव आड येते का?

नाही. पडताळणी व्यक्तीची असते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात कळवणे आणि करार लेखी व नोंदणीकृत असणे ही घरमालकाची जबाबदारी आहे.

१२. बिल्डर नवीनच नाव सांगतो. ‘अप्पर वरळी’ कुठे आहे?

लोअर परळमध्ये. वडाळ्यातही ‘न्यू कफ परेड’ उगवले आहे, जरी मूळ कफ परेड तिथून दहा किलोमीटरहून अधिक दूर आहे. अशी नावे हसण्यावारी नेली तरी त्यांच्यामागे हिशेब पक्का असतो: जुन्या नावाला चिकटलेला इतिहास खोडला की चौरस फुटाचा दर चढवता येतो. रहिवासीही आपल्या परीने हेच करतात; कामाठीपुऱ्यातील माणूस ‘मुंबई सेंट्रल’ सांगतो, आणि त्या चौदा गल्ल्यांपैकी कितीतरी गल्ल्यांत आज छोटे कारखाने आणि संसार आहेत हे ऐकायला समोरच्याकडे वेळ नसतो. घर पाहताना जाहिरातीतील नावाऐवजी पिनकोड, वॉर्ड आणि पोलीस ठाणे विचारावे.

१३. प्रत्यक्ष पाहणी कशी करावी?

तीन वेळा जावे: सकाळी पाण्याच्या वेळेला, रात्री अकराच्या सुमारास, आणि एकदा पावसात. दलालासोबत जाऊ नये.

मागच्या पावसाळ्यात एका नवविवाहित जोडप्याबरोबर मी शिवडीत खोली पाहायला गेले होते. दोघेही कोल्हापूरकडचे, कोणीतरी त्यांना ‘तिकडे टपोरी असतात’ असे सांगून ठेवले होते. रात्रीचे पावणेअकरा झाले होते. गल्लीच्या तोंडाशी भुर्जीची गाडी होती, पलीकडे वाण्याने शटर अर्धे ओढून आत हिशेब मांडला होता, आणि बंद पडलेल्या टेम्पोवर चार मुले कॅरमच्या सोंगट्या मोजत बसली होती. मुलगी थबकली. मी भुर्जीवाल्या मावशींना सरळ विचारले, ‘मावशी, या दोघांना इथं खोली घ्यायची आहे. कसं आहे?’ त्यांनी उलथने न थांबवता सांगितले, ‘ह्या गल्लीत बिनधास्त राहा. ही पोरं इथलीच, ओरडतात पण वाटेला जात नाहीत. मागच्या गल्लीत मात्र नको, तिथं गोडाऊनच्या मागं रात्री पिणारे बसतात. आणि ताई, पाण्याचं विचारलंत का? इथं पहाटे चारला येतं.’ दहा मिनिटांत जे कळले ते कोणत्याही आकडेवारीत नव्हते: चांगली आणि वाईट गल्ली यांच्यात एका गोदामाचे अंतर होते. त्यांनी त्या पुढच्याच गल्लीतली खोली घेतली. पाण्यासाठी अजून पहाटे चारला उठतात आणि तक्रार फक्त त्याचीच करतात.

१४. तडीपार गुंड राहतात म्हणून एखादा भाग टाळावा का?

महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते, आणि एका जिल्ह्याचा तडीपार हा दुसऱ्या जिल्ह्याचा नवा रहिवासी असतो. या निकषावर टाळायचे ठरवले तर कल्याण, मुंब्रा, विरार, पनवेल सगळेच टाळावे लागेल.

१५. गावी आईवडील ‘कुर्ला’ किंवा ‘भायखळा’ ऐकूनच घाबरतात. त्यांना काय सांगू?

वाद घालू नये. त्यांच्यापुढे आलेली मुंबई बातम्यांतली असते आणि बातमी शांत गल्लीची होत नाही. कामावरून परतताना रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल लावावा आणि स्थानकापासून दारापर्यंतचा रस्ता दाखवत चालावे. कराडच्या एका आईला तिच्या मुलाने असाच भायखळ्याचा रस्ता दाखवला. फळवाला, इस्त्रीवाला, बसथांबा, सारे पाहून झाल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, ‘सगळं ठीक आहे रे, पण एवढ्या रात्री ती माणसं दप्तर घेऊन कुठनं आली?’ समोरच्या शाळेतली रात्रशाळा नुकतीच सुटली होती.